‘नो वरीज’च्या देशातली मी

मी शब्दपट्टी बोलतेय. तळहाताएवढी, अंगावर प्लास्टिकचं आवरण, एका कोपऱ्यात जरा तिरकी कापलेली. पोटावर ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलंय ‘वरीड’, म्हणजे काळजीत असलेलं माणूस, आणि पाठीवर तोच अर्थ चिनी लिपीत, दोन अक्षरांत. नाव ऐकून लगेच तोंड कसनुसं करू नका. सगळे तेच करतात. आधी माझी कहाणी ऐका आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचा, अनुराधाच्या जेवणाच्या टेबलावरचा. अनुराधा मूळची पुण्याची. इथे एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. नवरा चारुदत्त दुधाच्या एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. शनिवारी त्याला मॅच बघत लोळायचं असतं, आणि नेमकं शनिवारीच अनुराधाच्या अंगात काहीतरी नवीन शिरतं. त्या शनिवारी मी शिरले होते.

झालं होतं असं. तिच्या दुकानात बरीच चिनी म्हातारी माणसं यायची. मुलगा-सून नोकरीला, म्हणून नातवंडं सांभाळायला इकडे आलेली. अनुराधा त्यांना औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगायची, आणि ती माणसं हसून मान डोलवायची. कळलं का? ओके. आधीच्या गोळीनं त्रास झाला का? ओके. चक्कर येते का? ओके. ओके म्हणत म्हणत पिशवी उचलून चालू पडायची. ही मान अनुराधाच्या चांगल्या ओळखीची होती. तिची आई पुण्यात डॉक्टरांसमोर बसली की अशीच मान डोलवते, आणि बाहेर आल्यावर रिक्षात सांगते, अगं, ते गुडघ्याचं विचारायचंच राहिलं.

मग अनुराधानं ठरवलं, यांना इंग्रजी शिकवायचं. चारुदत्त म्हणाला की तुला चिनीत मीठसुद्धा मागता येत नाही, तू काय शिकवणार? ती म्हणाली, मला नाही येत तेच बरं, म्हणजे त्यांना बोलावंच लागेल. वर तिचं एक स्वतःचं शास्त्रही होतं. दुकानातली वस्तू बोटानं दाखवता येते, खाणं-पिणं-झोपणं हातवारे करून सांगता येतं, पण आपल्या आत काय चाललंय ते विशेषणाशिवाय सांगता येत नाही. म्हणून हा वर्ग नुसत्या विशेषणांचा.

तर अशा आम्ही सगळ्या बहिणी एका दुपारी जन्मलो. हॅपी, हंग्री, टायर्ड, बिझी, लव्हली आणि शेवटी मी. अनुराधा लिहीत होती, पाठीवरची चिनी अक्षरं मोबाइलवर बघून गिरवत होती, चारुदत्त कापत होता, आणि माझ्या वेळी नेमकी विकेट पडली. तेव्हापासून माझा एक कोपरा तिरका. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. उलट मला हातात धरून म्हणतो, ही कशाला? बिचाऱ्या चार शब्द शिकायला येणार, त्यांना रडायला कशाला शिकवतेस?

त्यावर अनुराधानं जे सांगितलं ते मी टेबलावर ओलीच असताना ऐकलं. आदल्या वर्षी तिचे बाबा पुण्यात पडले होते. आठवडाभर हॉस्पिटलात होते. आई रोज फोनवर सांगायची, बाबा झोपलेत, उठले की बोलतील. भाऊ अभिषेक सांगायचा, सगळं मजेत. बाबा काठी घेऊन घरी आल्यावर हिला कळलं. का सांगितलं नाहीत विचारल्यावर म्हणे, तुला एवढ्या लांब उगाच काळजी. अनुराधा म्हणाली की त्यांना काळजी नव्हती असं नाही, सांगायची सवय नव्हती. चारुदत्तनं टीव्हीचा आवाज कमी केला आणि मला प्लास्टिक चढवायच्या मशीनमध्ये नीट सरळ धरून घातलं.

इतकं प्रेमानं जन्माला घातलेलं लेकरू, तुम्हाला वाटेल, याचं पुढे कौतुकच झालं असेल. कसलं काय!

अहो, हा देशच ‘नो वरीज’चा. धन्यवाद म्हणा, नो वरीज. माफ करा म्हणा, नो वरीज. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, पाव घ्या, बसमध्ये चढा, कुणाच्या पायावर पाय द्या, नो वरीज. माझ्या खानदानाचं नाव इथे येता-जाता निघतं, पण ते नको म्हणण्यासाठी. आणि कधी चुकून माकून कुणी किवी माणूस मला तोंडात घेतोच, तर आधी ‘अ बिट’ लावतो. अ बिट वरीड, जराशी काळजी वाटते. घराचं छप्पर उडून शेजाऱ्याच्या अंगणात पडलं असेल तरी जराशीच. अनुराधा वर्गात बजावून सांगायची, इथला माणूस ‘अ बिट’ म्हणाला की तो ‘खूप’ म्हणतोय असं समजा आणि तयारीला लागा.

वर्ग भरायचा शनिवारी सकाळी, कम्युनिटी हाउसच्या मागच्या खोलीत. सात-आठ बायका, एक किटली आणि आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात आम्ही. नियम एकच. डब्यात हात घालून न बघता एक पट्टी काढायची, ती आठवडाभर जवळ बाळगायची आणि ते विशेषण या देशातल्या एका जिवंत माणसाशी खरंखुरं वापरायचं. मग पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर किस्सा सांगायचा आणि पट्टी परत करायची. बोलला नाहीत, तर पट्टी परत घेतली जाणार नाही.

हंग्री पहिल्याच आठवड्यात वापरली गेली, हार्डवेअरच्या दुकानाबाहेर देणगीसाठी सॉसेज भाजून विकत होते तिथे. लव्हली तर इतकी फिरली की तिचा रंग उडाला. बागेला लव्हली, कुत्र्याला लव्हली, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टायलाही लव्हली. आणि मी? पहिल्या दिवशी एकीनं मला काढलं, वाचलं, आणि हात पोळल्यासारखं डब्यात टाकून दिलं. नको बाई, अपशकुन. त्यानंतर त्या बायकांनी काय शोधून काढलं असेल? माझा तिरका कोपरा! डब्यात बोटं फिरवायची, कोपरा टोचला की मला सोडून दुसरी उचलायची. अनुराधाला वाटायचं की काय हा योगायोग. मी मात्र तळाशी पडून चारुदत्ताच्या त्या मॅचला शिव्या घालत होते.

असेच दोन-तीन महिने गेले आणि वर्गात चेन आयी आल्या.

चिनी भाषेत ‘आयी’ म्हणजे मावशी. वर्गातल्या सगळ्या त्यांना तशीच हाक मारायच्या, आणि अनुराधाच्या जिभेवर तर तो शब्द लोण्यासारखा बसला. ठेंगण्या, जांभळं जाकीट घालणाऱ्या, काखेत सदा गरम पाण्याचा थर्मास. गाव समुद्राकाठचं, शियामेन. नवऱ्याचं आडनाव लियांग. त्यांच्याकडे बाया लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात, म्हणून या चेनच राहिल्या. हे ऐकून अनुराधा चारुदत्तला म्हणाली, बघ, शिक काहीतरी.

चेन आयींना कोपऱ्याचं गुपित कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी डब्यात हात घातला आणि सरळ मला वर काढलं. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. चेन आयींनी आधी पाठ वाचली, मग पोट. मग अनुराधानं विचारलं म्हणून पाठीवरच्या अक्षरांचा अर्थ फोड करून सांगितला. पहिलं अक्षर म्हणजे खांद्यावरून ओझं वाहणं. त्यांनी उठून, खांद्यावर कावड घेतल्यासारखं दोन पावलं चालून दाखवलं. आणि दुसरं म्हणजे हे, असं म्हणून छातीवर हात ठेवला. काळीज कावडीत घालून वाहायचं, ती मी. इतके दिवस पाठीवर काय मिरवतेय ते मलासुद्धा ठाऊक नव्हतं. मला स्वतःचा अभिमानच वाटला.

पण बोलतील तर चेन आयी कसल्या! पहिला शनिवार गेला, मी परत आले, न बोललेली. दुसरा गेला, तिसरा गेला. अनुराधा विचारायची, काहीच काळजी नाही का हो? त्या हसून म्हणायच्या, नो, नो, ऑल गुड. खोटं! साफ खोटं! मी त्यांच्या पर्समध्ये राहत होते, मला विचारा. सून रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर असते म्हणून यांचा जीव खालीवर. मुलगा गाडी वेगात चालवतो म्हणून तो घरी येईपर्यंत या खिडकीत. लियांगबुवांच्या पोटात जेवणानंतर कळ येते आणि ते कुणाला सांगत नाहीत, म्हणून या त्यांच्यासमोर बसून त्यांचं जेवण बघत असतात. सगळी काळजी मुठीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शेवटी अनुराधानं एकदा खोदून खोदून विचारलं. तेव्हा चेन आयींनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत घरचा रिवाज सांगितला. “गुड न्यूज, टेल. बॅड न्यूज, ईट.”

चांगली बातमी सांगायची, वाईट गिळायची. त्यांच्याकडे पोरं परमुलखात गेली की आई-बाप असंच करतात आणि पोरंही आई-बापांशी असंच करतात, त्यालाच प्रेम म्हणतात. अनुराधाला यात नवीन काही नव्हतं. तीच मुळी त्या गावची.

एकदा त्यांनी मला खपवायचा प्रयत्नही केला. बसच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, बसला उशीर होतोय, आय ॲम वरीड. तो घड्याळ बघून म्हणाला, “नो वरीज, लव्ह, आपण वेळेच्या आधी आहोत.” वर्ग पोट धरून हसला. अनुराधानं मात्र निकाल दिला, हे चालणार नाही. काळजी खरी पाहिजे. चेन आयी मला पुन्हा पर्समध्ये ठेवत हळूच पुटपुटल्या की खरी काळजी देवानं न देवो. त्या क्षणी मलासुद्धा वाटलं, न देवो. मी पडून राहीन, चालेल.

पण पोटातली कळ काही थांबेना. एका गुरुवारी लियांगबुवा जेवणाच्या टेबलावरच वाकले आणि उठताच येईना. हॉस्पिटलात नेलं, पित्ताशयात खडे निघाले. शुक्रवारी ऑपरेशन झालं, छान झालं. शनिवारी बुवा उठून बसले, गरम पाणी प्याले, नर्सकडे बघून हसले. सोमवारी घरी सोडणार होते. मुलगा कामासाठी सिडनीला गेला होता, त्याला फोनवर कळवलं, सगळं मजेत, तू काम उरकूनच ये. सून घरी लहानग्या नातीजवळ. रविवारी दुपारी चेन आयी एकट्याच थर्मास घेऊन वॉर्डात गेल्या, आणि पर्समध्ये मी.

बुवा पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडले होते. दात वाजत होते. चेन आयींनी कपात गरम पाणी ओतून पुढे केलं. ते त्यांनी हातानं बाजूला सारलं. मी सांगते, त्या माणसानं उभ्या आयुष्यात गरम पाण्याला नाही म्हटलेलं नव्हतं. मग ते काहीतरी बोलले. चेन आयींचा चेहरा खर्रकन उतरला. पुढे त्यांनी वर्गात सांगितलं तेव्हा मला कळलं, बुवांनी विचारलं होतं, शेवटची होडी सुटली का? त्यांना वाटत होतं की आपण शियामेनच्या धक्क्यावर उभे आहोत.

तेवढ्यात नर्स आली. तिचं नाव अरोहा. उंच, दणकट, हसतमुख बाई. किया ओरा म्हणाली, म्हणजे इथला माओरी नमस्कार, आज कसं आहे विचारलं. दुपारची तपासणी करायला अजून अवकाश होता, ती जाता जाता डोकावली होती. आणि चेन आयींनी काय करावं? हसल्या! सवयच ती. हसून म्हणाल्या, गुड, गुड, थँक यू. बुवांनीही पांघरुणातून मान डोलवली. ओके. अरोहा पुढच्या खाटेकडे गेली.

मी पर्समध्ये तडफडत होते. अगं बाई, बोल! रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, ही तर परक्या देशातली नर्स, तिला कसं कळणार? तिच्या हाताखाली एवढी माणसं. तुला जे दिसतंय ते तिला दिसत नाहीये, कारण हा माणूस कसा असतो ते तुला माहीत आहे. बोल! पण पट्टीला का तोंड असतं?

चेन आयींनी डोळे पुसायला रुमाल शोधला आणि त्यांच्या हाताला माझा तिरका कोपरा टोचला.

त्यांनी मला बाहेर काढलं. किती वेळ बघत राहिल्या. मग नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, आणि मला मुठीत धरून उठल्या. वॉर्डाच्या मध्ये नर्सचं टेबल होतं, तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

“एक्सक्यूज मी,” त्या म्हणाल्या. “आय ॲम वरीड.”

अरोहा एका हातानं फोन धरून होती. तिनं मान वर केली, हसली, आणि इथल्या माणसाच्या तोंडून जे आपोआप निघतं तेच निघालं. नो वरीज, मी येतेच थोड्या वेळात.

झालं, मला वाटलं. संपलं. आता या मान डोलवणार, थँक यू म्हणणार आणि खुर्चीत जाऊन बसणार. बारा गावचं पाणी प्यायलेले लोकसुद्धा इथे माघार घेतात. पण चेन आयी हलल्या नाहीत. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, नाव वर करून, आणि बोट माझ्यावर दाबून धरलं.

“नो नो-वरीज,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण वॉर्डातले दोघे-तिघे वळून बघायला लागले. “आय ॲम वरीड. नॉट अ बिट. व्हेरी.”

अरोहानं फोन खाली ठेवला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग चेन आयींकडे. टेबलाला वळसा घालून ती त्यांच्यासमोर आली आणि जरा वाकून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन तिनं विचारलं, “व्हॉट आर यू वरीड अबाउट?”

कशाची काळजी वाटते? एवढाच प्रश्न. शब्दपट्टी म्हणून जन्माला आल्यापासून मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि मला ते ठाऊकही नव्हतं.

चेन आयींकडे पुढचे शब्द नव्हते. होते तेवढे त्यांनी भराभर टेबलावर ओतले. “ही नो हॉट वॉटर. ऑलवेज हॉट वॉटर, टुडे नो. ही कोल्ड. ही थिंक हियर चायना.” गरम पाण्याचं ऐकून कुणी हसलंही असतं. अरोहा हसली नाही. चीनचं ऐकलं मात्र आणि ती चालायला लागली, जवळजवळ धावतच. बुवांच्या बोटाला, दंडाला यंत्रं लावली, श्वास मोजला. मग भिंतीवरचं बटण दाबलं. दोन डॉक्टर आले, आणखी नर्स आल्या, पडदा ओढला गेला. कुणीतरी फोनवर चिनी बोलणारा दुभाषी जोडून चेन आयींच्या हातात दिला. ऑपरेशनच्या जागी आत गळती सुरू झाली होती आणि विष रक्तात भिनायला लागलं होतं. बुवांना लगेच खाली ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. चेन आयी पडद्याबाहेर उभ्या होत्या, आणि मी त्यांच्या मुठीत घामानं भिजत होते.

त्या दुपारी त्यांनी आणखी एक काम केलं. सिडनीला मुलाला फोन लावला. सगळं मजेत असं नाही म्हणाल्या. तो रात्रीच्या विमानानं आला.

लियांगबुवा वाचले. चार दिवस अतिदक्षता विभागात होते, मग पुन्हा वॉर्डात, मग घरी. डॉक्टरीणबाईंनी दुभाष्याकरवी चेन आयींना सांगितलं की तुम्ही वेळेवर बोललात म्हणून आम्ही वेळेवर पोहोचलो. अरोहानं मला हातात घेऊन विचारलं, ही कुठे मिळते? आमच्या प्रत्येक खाटेला एक लावायला पाहिजे. ऐकलंत? मला! डब्याच्या तळाशी पडलेल्या या काळतोंडीला!

बुवा घरी आले त्याच्या पुढच्याच शनिवारी चेन आयी वर्गात आल्या. किस्सा सांगायची त्यांची पाळी होती. उभ्या राहिल्या आणि जे जमेल त्या इंग्रजीत सगळं सांगितलं. होडी, गरम पाणी, अरोहा. व्याकरणाच्या चिंध्या झाल्या, पण अनुराधानं एकही चूक सुधारली नाही. ती खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. शेवटी चेन आयींनी मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “आय रिटर्न.”

मग एक हात पुढे आला. मला अपशकुनी म्हणून टाकून देणारी तीच बाई! तिनं मला छातीशी धरलं आणि म्हणाली, आय ॲम वरीड. डावा डोळा. धूसर. मुलाला सांगितलेलं नाही. तिच्या हातातून मला दुसरीनं ओढलं, हिचा मुलगा नोकरी गेली तरी रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो, हिला सगळं ठाऊक आहे. मग तिसरी, मग चौथी. अहो, माझ्यासाठी भांडणं! कुणी म्हणे मी आधी, कुणी म्हणे माझं राहिलं. हसत होत्या, रडत होत्या, किटलीत पाणी उकळून आटून गेलं तरी कुणाचं लक्ष नाही. वर्गाची वेळ संपली तसा कुलूप लावणारा गोरा म्हातारा किल्ल्या वाजवत दारात आला. काय चाललंय ते थोडं ऐकलं, आणि मान खाजवत म्हणाला की खरं सांगायचं तर आपल्या गुडघ्याची त्यालाही अ बिट वरीड अशी काळजी आहे. ‘अ बिट’ ऐकल्याबरोबर सगळ्या बायकांनी धावत जाऊन त्याला खुर्ची दिली.

सगळ्यांत शेवटी अनुराधानं मला हातात घेतलं. शिकवणाऱ्या बाईनं पट्टी उचलायची नसते, पण तिनं उचलली.

“आय ॲम वरीड,” ती म्हणाली, “अबाउट माय फादर.”

कुणी ‘डोंट वरी’ म्हणालं नाही. हे दोन शब्द त्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून येत होते, तरी नाही म्हणाल्या. चेन आयींनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली, थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून तिच्या हातात दिलं, आणि विचारलं, “टेल. व्हॉट?” मग अनुराधा बोलायला लागली. कुणाला किती कळलं कोण जाणे, मध्येच ती मराठीवरही गेली. पण ऐकत सगळ्या होत्या.

आता माझी हालहवाल सांगते. आवरण एका बाजूनं सुटलंय, घामाचा डाग पोटावर कायमचा बसलाय, आणि तिरका कोपरा आता चांगलाच दुमडलाय. अनुराधानं माझ्यासारख्या ढीगभर पट्ट्या नव्यानं केल्या, एकेकीला एकेक. चारुदत्तनं या वेळी मॅच बंद करून कापल्या, आणि अनुराधानं मुद्दाम सांगितलं म्हणून प्रत्येकीचा एक कोपरा तिरका कापला. मी त्या सगळ्यांत थोरली. मला चेन आयींनी ठेवून घेतलंय, नियम मोडून.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कुणी घाबरत, हसत, चाचरत माझं नाव घेतलं, तर त्याला नो वरीज म्हणून वाटेला लावू नका. काही होत नाही, सगळं ठीक होईल, असलं शहाणपण खिशात ठेवा. खाली बसा आणि विचारा, कशाची? बाकीचं माणूस आपणहून सांगतं.

किस्सा सांगितला त्या शनिवारी वर्ग सुटल्यावर चेन आयी मला पर्समध्ये टाकून बसथांब्यावर आल्या, तर तिथे लियांगबुवा! घरातून कुणाला न सांगता, वाळलेल्या अंगावर नुसता सदरा घालून, बोचऱ्या वाऱ्यात, बायकोला न्यायला आलेले. आयींनी आधी स्वतःचं जांभळं जाकीट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि मग जी सुरुवात केली, ती बस येईपर्यंत, बसमध्ये आणि उतरल्यावर घराच्या फाटकापर्यंत. मला चिनी येत नाही, पाठीवरची दोन अक्षरं तेवढी कळतात, आणि तीच पुन्हा पुन्हा ऐकू येत होती, भर रस्त्यात, मोठ्या आवाजात, साऱ्या हॅमिल्टनला ऐकू जावीत अशी. बुवा निमूट ऐकत चालले होते. ऐकायला ते होते, मला आणखी काय हवं?